उजवीकडून दुसरा

१२ जानेवारी

प्रिय दादा,

पत्र बघून वहिनीला म्हणशील, "तोफेला आज कशी आठवण झाली?" आठवण बिठवण काही नाही. कामाचं पत्र आहे.

बाबांच्या ऑफिसला रंग द्यायचाय. भिंतीला ओल आलीय, पोपडे थेट फायलींवर पडतात. रंगारी म्हणतो खोली पूर्ण रिकामी करा. बाबांचं टेबल, कपाटं, माझी खुर्ची हे सगळं मागच्या खोलीत जाईल. प्रश्न तुझ्या खुर्चीचा आहे. अजून तशीच डुगडुगते. पायाखाली तू घातलेली पुठ्ठ्याची घडीसुद्धा तिथंच आहे. रंगारी ती उचलायला गेला तर मी उगाचच खेकसले त्याच्यावर. बिचारा घाबरला.

तर तुझी खुर्ची पाठवून देऊ, की ठेवू? एवढंच कळव.

माझं बरं चाललंय. बस स्टँडच्या स्फोटाचा खटला संपत आलाय. चार आरोपी, काचेच्या पेटीत ओळीनं बसलेले. तिघांबद्दल मला तिळमात्र शंका नाही. उरलेला एक शिंपी आहे. त्याचंही व्यवस्थित आहे. साक्षीदारानं ओळखलंय.

आईच्या तुळशीचं... नाही, काही नाही. ते भेटल्यावर सांगेन, भेटलास तर.

तुझी,
तोफ

३० जानेवारी

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे, खुर्ची अजून इथंच आहे. रंगारी तिच्याभोवतीनं रंग देतोय आणि मनातल्या मनात मला शिव्या घालतोय.

तू आमचं कोर्ट आतून पाहिलेलं नाहीस. बघायचंच नाही म्हणून निघून गेलास. गेटवर फोन जमा, मग झडती, मग दुसऱ्या दारात पुन्हा झडती. माझं पेनसुद्धा उघडून बघतात. आरोपींना आम्ही यायच्या आधी पेटीत आणून बसवतात आणि आम्ही गेल्यावर नेतात. बसवायचा क्रम आरोपपत्रातला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. इतक्या दिवसांत त्यात बदल झालेला मी पाहिला नाही. साक्षीदार पडद्याआड, नाव नाही, नुसता नंबर. आवाज माइकमधून बदलून येतो, माठात तोंड घालून बोलल्यासारखा. पडद्याला बारीक जाळीची खिडकी आहे, त्यातून त्याला पेटी दिसते. आम्हाला तो दिसत नाही.

तुला वाटतं मी हे सगळं डोळे झाकून मान्य केलं. तसं नाही. पडदा नसता तर एकही साक्षीदार फिरकला नसता, हे तुलाही माहीत आहे. स्टँडवर माणसं मेली, दादा. त्यातल्या एका मुलीची आई रोज पहिल्या रांगेत येऊन बसते. शेजारच्या खुर्चीवर आपली पर्स ठेवते आणि कुणाला तिथं बसू देत नाही. रोज जाताना मला म्हणते, "बाई, चौघांतला एकही सुटता कामा नये हं." मी मान हलवते.

काल एक गंमत झाली. फाइल विसरले म्हणून परत आत गेले, तर जिन्यात शिंप्याला घेऊन चाललेले. हातात बेड्या, दोन्हीकडे शिपाई. मी भिंतीला चिकटून वाट दिली. तो थांबला आणि हळूच म्हणाला, "बाई, गाऊनची शिवण उसवलीय. खांद्यावर. आतून टाका घाला, वरून दिसणार नाही."

शिपायानं त्याला पुढं ढकललं. मी तिथंच उभी. ज्या बाईनं त्याला जन्मठेप मागितलीय तिच्या गाऊनची काळजी! मला हसू आलं आणि मग एकदम थांबलं.

का थांबलं ते पुढच्या वेळी लिहिते. आत्ता डोकं दुखतंय.

तोफ

१७ फेब्रुवारी

दादा,

लिहू की नको, असं करत दोन आठवडे काढले. हे पत्र भलत्याच्या हाती पडलं तर माझी सनद जाईल. तरी लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगू?

तो शिंपी बुटका आहे.

हसू नकोस. मी त्याला उभं असं कधी पाहिलंच नव्हतं. काचेमागं सगळे बसलेले, सगळ्यांची डोकी एका रेषेत. जिन्यात तो माझ्या खांद्यापर्यंत आला, म्हणून तर त्याला ती शिवण दिसली. आणि आमचा साक्षीदार, सात नंबर, शपथेवर काय म्हणाला होता? "पिशवी देणारा माणूस उंच होता. गर्दीतून त्याचं डोकं वर दिसत होतं." मग मी विचारलं, तो माणूस आज इथं आहे का? माठातून आवाज आला, "हो. उजवीकडून दुसरा." उजवीकडून दुसरा म्हणजे शिंपी. त्याच्या वकिलाला न्यायाधीशांनी विचारलं, काही विचारायचंय? तो म्हणाला, "प्रश्न नाहीत." त्याचं प्रत्येक साक्षीदाराला हेच उत्तर असतं. सरकारनं नेमून दिलेला वकील, दुपारनंतर त्याच्या डोळ्यांवर झापड येते.

पिशवी शिंप्याच्याच दुकानची होती, हे खरं. तो नाकारत नाही. म्हणतो, "असल्या पिशव्या मी ढिगानं शिवतो, कोण कुठं नेतो मला काय ठाऊक? पण मी स्टँडवर गेलो नाही." स्टँडवर तो होता, हे सांगणारा एकच माणूस. सात नंबर. बाकी काही नाही.

मी घरी आले आणि कितीतरी वर्षांनी तुझ्या खुर्चीत बसले.

आठवतं, बाबांची पद्धत? उद्या खटला उभा राहणार असला की टेबलावरची घंटी वाजवून म्हणायचे, "खुर्च्या बदला." तू माझ्या खुर्चीत, मी तुझ्या, आणि जो ज्या खुर्चीत त्यानं त्या खुर्चीची बाजू लढवायची. बाबा मधे स्टुलावर न्यायाधीश. कामचुकारपणा केलेला त्यांना लगेच कळायचा. "मनापासून भांड," म्हणायचे, "स्वतःलाच हरवायला निघालीयस असं भांड." जो हरेल त्यानं चहा करायचा. आतून आई ओरडायची, "अहो, तुमचं कोर्ट उठलं का? पोळ्या गार झाल्या!"

आणि त्याच्याही आधी, लहानपणी, तू शेजाऱ्यांच्या खिडकीची काच फोडलीस तेव्हा? बाबांनी आपल्याला खुर्च्या बदलायला लावल्या आणि मी तुझी बाजू अशी मांडली, अशी मांडली, की बाबांनी तुला निर्दोष सोडलं आणि शेजाऱ्यांची माफी मागायला मला पाठवलं! तू दाराआडून दात काढत होतास. अजून आठवलं की डोकं फिरतं माझं. आणि हसू पण येतं. किती छान होते रे ते दिवस. खोलीत शाईचा आणि रॉकेलच्या स्टोव्हचा वास यायचा, आणि आपल्या दोघांना एकमेकांची प्रत्येक पुढची चाल ठाऊक असायची.

तर तुझ्या खुर्चीत बसून मी मनापासून भांडले. आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीतल्या मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना.

दादा, आमच्या कोर्टाच्या वकिलांच्या यादीत नाव नोंदव. शिंप्याला तुझ्यासारखा वकील हवा. मी सरकारची वकील, माझ्याच साक्षीदाराला मी कसं खोटं पाडू? तू ये. प्लीज ये.

तोफ

२ मार्च

दादा,

अजून मूग गिळूनच बसलायस. बस.

आज तपास अधिकारी ऑफिसात आले होते. साहेब स्वभावानं वाईट नाहीत. स्फोटाच्या दिवशी ते स्वतः स्टँडवर पोचले होते, त्यानंतर कितीतरी दिवस जेवण जात नव्हतं त्यांना. आले ते सरळ तुझ्याच खुर्चीत बसले. ती डुगडुगली तसे दचकले. मला आतून गुदगुल्या झाल्या.

मी आडवळणानं विचारलं, साहेब, सात नंबरला साक्षीच्या आधी काही दाखवलं होतं का? म्हणाले, "अहो बाई, एवढ्या वर्षांनी चेहरा कुणाच्या लक्षात राहतो? आमच्या पोरांनी जरा उजळणी करून घेतली असेल."

"कसली उजळणी?"

"कोण कुठं बसतं, एवढंच हो. घाबरून भलत्याकडे बोट दाखवायला नको ना." मग खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "तुम्ही का विचारताय? केस पक्की आहे. शेवटच्या टप्प्यावर काही काढू नका. सगळी मेहनत पाण्यात जाईल. वर तुमचंही नाव चांगलं चाललंय."

म्हणजे झालं काय ते कळलं ना? चेहरा पाठ केला नाही, जागा पाठ केली. आरोपपत्राचा क्रम बदलत नाही हे पोलिसांना माहीत, पहारेकऱ्यांना माहीत, मला माहीत. त्या कोर्टात रोज बसणाऱ्याशिवाय कुणाला हे सुचलंच नसतं.

ते गेल्यावर मला तुझा तो जुना प्रताप आठवला. सायकलचोरीचा खटला. तू आरोपीला मागच्या बाकावर बसवलंस, आणि आरोपीच्या जागी त्याच्या मेहुण्याला. फिर्यादीनं छातीठोकपणे मेहुण्याकडे बोट दाखवलं! मॅजिस्ट्रेट लालबुंद झाले, तुला कोर्टाबाहेर काढलं. बाबा सगळ्यांसमोर तुला काय काय बोलले, आणि ऑफिसात येऊन दार लावल्यावर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. तो हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

ते मॅजिस्ट्रेट आता कोण आहेत ठाऊक आहे? माझ्या खटल्याचे न्यायाधीश.

तोफ

११ मार्च

दादा,

हे शेवटचं. पुन्हा म्हणून तुझ्या विनवण्या करणार नाही.

माझी नेमणूक झाली त्या दिवशी तू बाबांच्या फोटोसमोर उभा राहून म्हणालास, "त्या कोर्टात दोन खुर्च्या आहेतच कुठं? एकच आहे, आणि ती त्यांनी तुला दिलीय." आणि बॅग उचलून गेलास. मी तेव्हा म्हणाले होते, कुणीतरी ते काम करायलाच हवं आणि ते मी नीट करेन. ते मी आजही म्हणते. मला त्याची लाज नाही. त्या तिघांना शिक्षा व्हावी म्हणून मी जिवाचं रान केलंय, आणि ती होईल.

पण तुझंही मला आज पटतंय आणि त्याचाच संताप येतोय. दुसऱ्या खुर्चीत बसणाऱ्या माणसांनी बॅगा उचलून निघून गेल्यावर ती रिकामीच राहणार ना? वर तुम्हीच म्हणायचं, बघा, रिकामी आहे!

भीती वाटतेय. खूप. परवा माझा अर्ज सुनावणीला आहे. सात नंबरला पुन्हा बोलवा, असा अर्ज मीच केलाय.

गाऊन मी आतून शिवला. बाहेरून दिसत नाही.

तोफ

१९ मार्च

दादा,

म्हणाले होते पत्र लिहिणार नाही. लिहितेय. गप्प वाच.

न्यायाधीशांनी दोन्ही वकिलांना त्यांच्या खोलीत बोलावलं. मी सांगितलं, साक्षीदाराला पुन्हा ओळख पटवायला लावावी, पण या वेळी बसायची जागा बदलून. चौघांनाही दुसरीकडे बसवावं, आणि त्या जागी कोर्टाची माणसं साध्या कपड्यांत.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सरकारी वकील, तुम्ही कुणाच्या बाजूनं बोलताय?"

मी म्हणाले, "साहेब, तो माणूस खरंच पाहिला असेल तर तो कुठंही बसला तरी साक्षीदाराला ओळखू येईल. सरकारचं काहीच बिघडणार नाही."

त्यांनी चष्मा काढून अर्जावर ठेवला. मग म्हणाले, "असल्याच उद्योगासाठी मी एकाला कोर्टाबाहेर काढलं होतं."

"त्यानं न विचारता केलं म्हणून, साहेब. मी विचारतेय."

त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. नक्की हलला. शिंप्याच्या वकिलाला विचारलं, तुमचं काय? तो जन्मात पहिल्यांदा जागा झाला असावा. म्हणाला, "हरकत नाही, साहेब. म्हणजे, हवंच आहे."

तर पेटीत चार कोर्टाची माणसं. उजवीकडून दुसरा आमच्या कोर्टाचा शिपाई, एक भला थोरला, पाण्याचे जग भरून ठेवणारा. घरचा शर्ट घालून आला होता, अवघडून बसलेला. शिंपी आणि बाकीचे तिघं मागच्या बाकांवर, जाळीतून स्वच्छ दिसतील असे, मधे मधे पहारेकरी साध्या कपड्यांत. मी विचारलं, "नीट बघा. घाई नाही. अख्ख्या खोलीत कुठंही असेल. पिशवी देणारा माणूस दिसतो का?"

माठातून लगेच आवाज आला. "उजवीकडून दुसरा. तोच. तो चेहरा मी कसा विसरेन?"

शिपाई ताडकन उभा राहिला, हात जोडून म्हणाला, "साहेब, मी नाही हो! मी तर इथं नोकरीला आहे!"

कुणीतरी हसलं. तपास अधिकारी खाली मान घालून बसले. शिंप्यानं तोंडावर हात धरला होता, त्याचे खांदे हलत होते.

दादा, तुझ्या वेळी मजा आली होती. मला अजिबात मजा आली नाही.

बाहेर ती आई उभी होती. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या नाहीत. म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी भलत्याच माणसाकडे बघत बसले? आणि ज्यानं पिशवी दिली तो बाहेर फिरतोय?" मी म्हणाले, "हो." तिनं माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "मग त्याला शोधा." आणि गेली. मी तिथंच जिन्यावर बसून रडले. गाऊनसकट.

तोफ

६ एप्रिल

दादा,

निकाल लागला. तिघांना शिक्षा, शिंपी निर्दोष. दुसऱ्याच दिवशी सरकारच्या यादीतून माझं नाव गेलं. कारण दिलेलं नाही. तपास अधिकारी साहेबांनी मात्र फोन केला होता. "बाई, तुम्ही माझी झोप घालवलीत," म्हणाले. मग म्हणाले, उंच माणसाचा तपास पुन्हा उघडतोय.

काल शिंपी ऑफिसात आला. नव्या रंगाचा वास अजून गेलेला नाही. बसा म्हटलं तर नेमका तुझ्या खुर्चीत बसला. पाय जमिनीला टेकेनात. ते लोंबणारे पाय मी बघतच राहिले. चार वर्षं त्या पेटीत बसलेल्या या माणसाचे पाय एकानंही पाहिले नाहीत.

म्हणाला, "दुकानाच्या जागी आता मोबाइलवाला आलाय. मशीन बायकोनं विकलं. तुम्हीच मला आत ठेवायला निघालात, तुम्हीच बाहेर काढलंत. बाई, मी तुम्हाला नमस्कार करू की शिव्या देऊ?"

मी म्हणाले, "दोन्ही करा. दोन्ही माझ्याच नावाचं आहे."

त्यानं खुंटीवरच्या गाऊनकडे पाहिलं. मग म्हणाला, "आधी तो गाऊन आणा. कुणी शिवलाय हा? हात मोडले होते का त्याचे?" मी शिवला होता, हे नाही सांगितलं.

आणि आज तुझं पत्र. एवढ्या महिन्यांनी, आणि त्यात काय, तर एक ओळ! "रविवारी येतोय. हरलीस ना? चहा कर."

मोठा आला! वाचून आधी खूप रडले आणि मग खूप राग आला. हरले कुठं मी? तुझ्या खुर्चीत बसून मीच जिंकले. हां, समोरच्या खुर्चीत हरले तीही मीच, मान्य. पण खुर्ची तुझी, जिंकलेली बाजू तुझी, आणि तू स्वतः तर तिथं नव्हतासच. म्हणजे चहा नेमका कुणी करायचा, हा वादाचा मुद्दा आहे आणि तो असा एका ओळीत निकालात निघणार नाही.

रविवारी लढू. बाबांची घंटी मी पुसून ठेवलीय. तू माझ्या खुर्चीत बस आणि चार वर्षं मी त्या कोर्टात का थांबले ते माझ्या बाजूनं सांग. मनापासून. मी तुझ्या खुर्चीत बसते आणि तू का निघून गेलास ते सांगते.

पुठ्ठ्याची घडी तशीच आहे. काढू दिली नाही.

तुझीच,
तोफ